नागपुरात स्वतःची गाडी कधी आणि कशी धुवावी?

तुम्ही लिहिलंय की मनीषनगरला उघड्या पार्किंगमध्ये तुमची नवी काळी गाडी उभी असते. महिन्यावर लावलेला भाऊ रोज सकाळी ती फडक्यानं पुसतो, तरी सहा महिन्यांतच बोनटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायला लागले. म्हणून आता स्वतः धुवायची आहे.

ते ओरखडे रोजच्या पुसण्यानंच आलेत. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. आणि आपल्याकडची धूळ काही मऊ नसते. तिच्यात वाळूचे कण असतात, बांधकामाची सिमेंटची भुकटी असते, कोराडी-खापरखेड्याकडे तर वीज केंद्रांची राखही. ही धूळ नुसत्या ओलसर फडक्यानं घासणं म्हणजे रंगावर रोज हलका पॉलिश पेपर मारणं. धूळ बसून राहिली तर फारसं बिघडत नाही, ती घासली की बिघडतं. त्यामुळे आठवडा-दहा दिवस गाडी मळकी दिसली तर दिसू द्या. मधल्या दिवसांत फक्त काचा साफ करा, त्याही आधी पाणी मारून. धुळीच्या कोरड्या काचेवर वायपर तर कधीच चालवू नका.

आता वेळ. नागपुरात मला सगळ्यात महत्त्वाची हीच गोष्ट वाटते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सकाळी 11 वाजता बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली. एक दार पुसेपर्यंत बोनटवरचं पाणी वाळूनही गेलं, आणि मागे पांढरे गोल डाग राहिले. ते शाम्पूनं निघाले नाहीत, शेवटी पॉलिश करून घ्यावं लागलं. हे डाग कशाचे ते बघायचं असेल तर मे अखेरीला कूलरच्या जाळ्यांवर जमलेला पांढरा थर बघा. बोअरच्या पाण्यातले क्षार पाणी उडून गेलं की तसेच पत्र्यावर चिकटतात. पारा 45 च्या घरात असताना हे मिनिटा-दोन मिनिटांत होतं.

म्हणून उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेसहा. संध्याकाळी सूर्य गेला तरी दिवसभर तापलेला पत्रा बराच वेळ गरमच असतो. बोनटवर तळहात ठेवून बघा, ऊब लागली तर थांबा. हिवाळ्यात मात्र आठ-नऊ वाजता आरामात धुवा.

पाणी शक्यतो नळाचं, म्हणजे पेंच-कन्हानचं घ्या. ते कमी असेल तर चिखल काढायला बोअरचं चालेल, पण शेवटची बादली नळाची हवी. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी गाडीवर टाकू नका, त्यांत क्षार आणखी जास्त असतात. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. मे महिन्यात हवा कोरडी असल्यामुळे ते थोडंच मिळतं, पाऊस लागला की बादली भरते. काचांवर शेवटचा हात मी त्याच पाण्याचा फिरवतो.

धुताना घाई करायची ती फक्त पुसायच्या वेळी. आधी चाकं, त्यांच्या वेगळ्या कापडानं, कारण ब्रेकची काळी भुकटी रंगाला लागता कामा नये. मग पूर्ण गाडीवर नुसतं पाणी सोडा आणि धूळ वाहून जाऊ द्या, तोवर हात लावू नका. त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं कापड शाम्पूत बुडवून टप, काचा, बोनट, दारं या क्रमानं वरून खाली या. प्रत्येक भाग झाला की कापड साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. त्या साध्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ एकदा बघितलात की दुसरी बादली कशासाठी ते पटेल. हात गोल फिरवू नका, सरळ ओढा. उन्हाळ्यात एक भाग धुवून लगेच खळखळून घ्या आणि मग पुढे जा. शेवटी दुसऱ्या, कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घ्या. कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवशी वापरू नका. भांड्यांचा साबण किंवा निरमा नकोच, त्यानं वॅक्स निघून जातं.

पक्ष्यांच्या विष्ठेला मात्र आठवडा थांबायचं नाही. जूनमध्ये जांभळं खाल्लेल्या पक्ष्यांची विष्ठा उन्हात दोन दिवस राहिली तर रंगावर कायमचा ठसा उमटू शकतो. त्यावर ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली असेल तर तुडतुड्यांचा चिकटाही असाच काढायचा.

पावसाळ्यात वरच्या चमकेपेक्षा खालचा भाग बघा. काटोल-उमरेडकडे कच्च्या रस्त्यानं जाऊन आलात तर काळी माती चाकांच्या वरच्या खोबणीत थापली जाते, वाळून दगड होते आणि आत ओल धरून ठेवते. गंज तिथूनच सुरू होतो. त्याच दिवशी पाइपनं काढली तर सहज निघते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती मोकळी ठेवा. समोरच्या काचेच्या खाली अडकलेला कडुनिंबाचा पाला हातानं काढा. धुऊन झाल्यावर एक छोटी फेरी मारून दोन-चारदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

आणि पुसणाऱ्या भाऊंना काढू नका. त्यांच्याकडे रोज पाच-सहा तरी गाड्या असतील, एवढ्या वेळात आणि एका बादलीत दुसरं काही होऊच शकत नाही. मी आमच्या इथल्या दादांना तेवढेच पैसे देऊन आठवड्यातून एकदा, पहाटे, नीट धुवायला सांगितलं. दोन बादल्या, शाम्पू आणि तीन मायक्रोफायबर माझ्याकडून दिले. पहिल्या दिवशी सोबत उभं राहून पूर्ण गाडी दोघांनी मिळून धुतली. आता बोनटवर ऊब आहे का ते तेच आधी हात लावून बघतात.