भूमिगत खाणीचे वेळापत्रक आणि गणित

प्रश्न : भूमिगत खाणीत कोणता भाग कधी खणायचा हे अनुभवी अभियंते ठरवतातच, मग तेथे गणिताची गरज काय?

उत्तर : अनुभव हवाच, पण पर्यायांची संख्या माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. स्वीडनमधील किरुना येथील लोहखाणीसाठी तयार केलेले आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेले गणिती प्रारूप पाहा. तेथे फॉस्फरसच्या प्रमाणानुसार खनिजाचे 3 प्रकार पडतात आणि प्रत्येक प्रकार दरमहा ठरलेल्या प्रमाणात प्रक्रिया कारखान्यांना पुरवावा लागतो. एखाद्या भागात यंत्र लावले, की तो भाग संपेपर्यंत काम सलग चालवावे लागते, शिवाय वरचा थर पुरेसा काढल्याशिवाय खालच्या थराला हात लावता येत नाही. म्हणजे आज चुकीच्या जागी लावलेले यंत्र पुढचे अनेक महिने आपल्याला बांधून ठेवते, आणि माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. ‘हा भाग या महिन्यात सुरू करायचा का?’ या प्रत्येक प्रश्नासाठी 0 (नाही) किंवा 1 (हो) असे मूल्य घेणारा चल, म्हणजे बदलती राशी, मानून, मागणी व उत्पादन यांतील तफावत कमीत कमी ठेवणारी मांडणी संगणक शोधतो. सगळेच चल ठेवले तर उत्तर मिळण्यास फार वेळ लागतो; म्हणून प्रत्येक भाग लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा कधी सुरू होऊ शकेल हे आधी काढून अशक्य महिन्यांचे चल गाळले जातात.