वारूळ, घरकुल आणि आजीची खाट

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, गाव आर्णी तालुक्यात. आजोबांच्या नावावर घरकुल मंजूर झालंय. जुनं कवेलूचं घर पाडून त्याच जागेवर बांधायचं आहे. मी यंदाच्या प्रकल्पासाठी तेच घर घेतलं. झिम्बाब्वेतल्या हरारेची ईस्टगेट इमारत वारुळावरून सुचली असं वाचलं होतं, म्हणून मातीच्या गोलसर भिंती, मधोमध वीस फुटांची चिमणी आणि बांबूचं छत असं डिझाइन केलं. परीक्षकांना रेखाटनं आवडली, पण एकांनी विचारलं, "हवा वर जाईलच कशावरून?" मला सांगता आलं नाही. घरी मॉडेल दाखवलं तर आजोबा म्हणाले, "ह्यातून पाणी नाही येणार का?" बाबांना स्लॅबच हवा आहे. निसर्गाकडून शिकून बांधलेलं घर आपल्या गावात खरंच जमेल, की हे कॉलेजपुरतंच?
– एक विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी आजोबांना माझा नमस्कार सांग. परीक्षकांना टाळता येतं, आजोबांना येत नाही.

ईस्टगेटपासून सुरुवात करू. वास्तुकार मिक पीअर्स यांनी आखलेली ही इमारत 1996 साली पुरी झाली. रात्रीची गार हवा पंख्यांनी आत ओढायची, काँक्रीटच्या पोकळ जमिनींतून फिरवायची, ते जड काँक्रीट गार करून ठेवायचं आणि दिवसभर तो गारवा पुरवून वापरायचा, अशी तिची युक्ती. नेहमीच्या एसीशिवाय तिचं भागतं, हे खरं. पण हरारे समुद्रसपाटीपासून जवळजवळ दीड हजार मीटरवर आहे, आपल्या चिखलदऱ्याहून उंच. तिथली रात्र गार असते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही. जो गारवा रात्री मिळतच नाही, तो साठवणार कुठून?

आता वारूळ. धुऱ्यावर जी उंच, कंगोऱ्याकंगोऱ्यांची वारुळं दिसतात, तशाच भारतीय वारुळांवर शास्त्रज्ञांनी बंगळुरात मोजमापं केली आणि 2015 साली ती प्रसिद्ध केली. दिवसा वारुळाचे बाहेरचे कंगोरे तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतली खाली उतरते. रात्री बाहेरचा भाग आधी निवतो आणि हेच चक्र उलटं फिरतं. त्यामुळे वारुळातली कोंदट हवा बाहेर पडते. म्हणजे ते श्वास घेतं म्हण हवं तर. कूलरचं काम ते करत नाही. आणि ह्या वारुळाला वर तोंडच नसतं! हवा झिरपते ती भिंतीच्या बारीक छिद्रांतून. तुझ्या चिमणीला आकाशाकडे उघडं भोक आहे. आजोबांनी वारुळाचा अभ्यास केलेला नाही, पण चूक नेमकी पकडली.

परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. चिमणीतून हवा वर जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तेव्हा. मेमध्ये दुपारी तीनला तुझ्या मातीच्या खोलीत समज छत्तीस आहे आणि बाहेर चव्वेचाळीस. मग आतली थंड, जड हवा दाराखालच्या फटीतून निघून जाणार आणि तिच्या जागी चिमणीतून ऊन हवा खाली येणार. तू चूल पेटवल्यासारखं होईल. ही चिमणी दिवसा बंद आणि रात्री उघडी हवी, म्हणजे झाकण हवं, दोरी हवी आणि ती रोज ओढणारं माणूस हवं. जुन्या घरातल्या बाया सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घेतात आणि दिवेलागणीला उघडतात, ते हेच काम.

हे मी फुकट शिकले नाही. बावीस वर्षांपूर्वी आर्वीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला शेतघर बांधून दिलं होतं. मोठ्या हौसेने विटांची उंच चिमणी काढली. पहिल्या रोहिणीच्या पावसात पाणी थेट चुलीवर. मग पारव्यांनी घरटं केलं. दिवाळीला गेले तर मालकीणबाईंनी चिमणीवर लोखंडी घमेलं पालथं घालून वर दगड ठेवला होता. मला चहा दिला, घमेल्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच घराचा बांबू मी पावसाळ्यात तोडलेला आणि काहीही न करता वापरलेला. वर्षभरात पिवळं पीठ पडायला लागलं, जेवणाच्या ताटातसुद्धा. बांबूला घुण लागतो तो त्याच्यातल्या पिठूळ अंशासाठी. म्हणून तो हिवाळ्यात तोडायचा, बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवायचा आणि जमिनीला टेकू द्यायचा नाही. वारुळावरून घर सुचलं आणि ते वारूळ बांधणाऱ्या उधळीनेच, म्हणजे वाळवीनेच, खाल्लं, असं नको व्हायला. मेळघाटात लवाद्याच्या 'संपूर्ण बांबू केंद्रा'त जाऊन ये. हातात बांबू घेतल्याशिवाय बांबूचं छत काढू नकोस.

आता तुमचं जुनं घर. त्याला चिमणी नाही, कारण अख्खं छप्परच चिमणी आहे. कवेलूंच्या शेकडो फटींतून वरची तापलेली हवा निघून जाते आणि पाणी मात्र एका कवेलूवरून दुसऱ्यावर ओघळत वळचणीला येतं. वर माळा असेल आणि त्यात कुटार भरलेलं असेल, तर ऊन आणखी अडतं. भिंत दीड हात जाड असेल तर दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री सगळे अंगणात खाटा टाकून झोपतात. घराची खरी झोपायची खोली अंगण होती. तुझ्या आराखड्यात अंगण मला दिसलं नाही.

पण बाबांवर चिडू नकोस. कवेलूंवर वानरं नाचतात, दर मृगाआधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, आणि पोराच्या लग्नाच्या वेळी मातीचं घर दिसलं तर पाहुणे काय म्हणतील ही भीती असते. त्यातली एकही गोष्ट खोटी नाही.

घरकुलाचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटर जागा, हा तुझा खरा कागद. गोल भिंत त्यात बसव आणि कपाट कुठे टेकेल ते सांग! घर सरळ, लांबट ठेव, लांबी पूर्व-पश्चिम. आपल्याकडे मेच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. जाळते ती पश्चिमेची भिंत आणि छत. पश्चिमेला सपरी काढ, तिथे बकरी, पऱ्हाटी, मोटारसायकल राहू दे. बाबांना स्लॅब हवा तर दे, पण स्लॅबच्या जाडीच्या खालच्या अर्ध्या भागात, जिथे काँक्रीटचं फारसं काम नसतं, तिथे त्याच जुन्या कवेलूंच्या जोड्या घाल. वास्तुकार लॉरी बेकरनी केरळात असे स्लॅब घातले. सिमेंट वाचतं, वजन कमी होतं. वरून चुना मार.

माती काळी घेऊ नकोस. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीलाही वाईट आणि पायालाही. पाया मुरूम लागेपर्यंत खाली ने, जोत्यात मुरूमच भर. भिंतीला गावठाणातली पांढरीची माती. पाडलेल्या भिंतीची असेल तर उत्तमच, ती पुन्हा भिजवून कुटार घालून आठ दिवस मुरवली की गारा तयार. वळचण अडीच फूट तरी बाहेर हवी.

एकदा सेवाग्रामला टेप घेऊन जा. बापूकुटीत लोक हात जोडून उभे असतात, तू वळचणीखाली उभा राहा आणि मोज. मीराबहनने मातीच्या भिंतीवर उठवलेली ताडाची झाडं बघ. निसर्गापासून प्रेरणा म्हणतात ती तिथे शोभेपुरतीच आहे आणि बाकीचं घर तिच्याशिवाय आपलं काम करतंय. वर्ध्यातच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या कोनाकार नळ्या एकीत एक घालून लाकूड-लोखंडाविना छताच्या कमानी केल्या, तेही पाहून घे.

आणि घर पाडण्याआधी एक काम. येत्या अक्षय्य तृतीयेपासून आठ दिवस तीन तापमापक लाव: एक तुमच्या कवेलूच्या खोलीत, एक शेजारच्या टिनाखाली, एक गावातल्या एखाद्या स्लॅबखाली. पहाटे पाचला आणि दुपारी तीनला आकडे लिही. त्याच आठ दिवसांत आजी सकाळपासून रात्रीपर्यंत खाट कुठून कुठे हलवते ते घराच्या नकाशावर वेळेसकट मांड. तो नकाशा मला पाठव. चिमणीचं मॉडेल मोडू नकोस, पण आजोबांना विचारून बघ, त्यावर पालथं घालायला घमेलं आहे का घरात.