भारतात एप आढळतो का? आणि गावकऱ्यांनी राखलेल्या जंगलात तो खरंच वाचतो का?

आढळतो. हूलॉक गिबन. चिंपांझी, ओरांगउटान यांच्या गोतावळ्यातला, बिनशेपटीचा. मराठीत आपण माकड आणि वानर या दोनच शब्दांवर भागवतो, आणि आपलं वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. त्यामुळे याला नेमकं काय म्हणावं ते कळत नाही. गारो लोक 'हुरो' म्हणतात. हाक ऐकली की तेच नाव बरोबर वाटतं.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं मेघालयात, गारो टेकड्यांतल्या तुरा इथे होतो. जवळच्या एका गावात पहाटे मुक्काम हलवून जंगलात शिरलो तेव्हा एक जोडी गात होती. नर काळाकुट्ट, भुवया पांढऱ्या. मादी भुरकट, पोटाला पिल्लू घट्ट धरून. हातांवर झोके घेत ती सरसर येत होती. शेवटच्या फांदीवर थांबली. पुढे नवी सुपारीची बाग होती, मध्ये तीस-चाळीस पावलांचं उघडं रान. तिनं बराच वेळ पलीकडे पाहिलं आणि मागे फिरली.

तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतील तोवरच त्याचं जग. आसामात जोरहाटजवळ त्याच्यासाठी १९९७ पासून अभयारण्य आहे, पण त्याच्या मधूनच रेल्वेचे रूळ जातात. अरुणाचलात इदू मिश्मी जमातीत गिबन मारणं निषिद्ध. आपल्या देवराईची आठवण यावी असं. पण देवराईत झाडालाही हात लावत नाहीत. मिश्मींचा निषेध प्राण्यापुरता आहे.

गारो टेकड्यांत बहुतेक जंगल सरकारचं नाहीच, कुळाचं, म्हणजे एका वंशातल्या घरांचं आहे. अशा जमिनीला आ'किंग म्हणतात. वारसा आईकडून मुलीकडे जातो, कारभार तिचा नवरा बघतो, तो नोकमा. म्हणजे झाड राहणार की जाणार हे ठरतं नोकमाच्या अंगणात. पूर्वी झूमची, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीची जमीन बरीच वर्षं पड राहायची, जंगल परत उभं राहायचं. आता तेवढी सवड नाही, आणि सुपारी, काजू, रबर रोख पैसा देतात. मुलांची फी भरायची असेल तर कोण सुपारी लावणार नाही?

२००२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय झाली. जमीन लोकांचीच राहते, समिती गावाची. मात्र एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. गावकरी इथे बिचकतात, आणि मला त्यांचं बिचकणं अगदी रास्त वाटतं. तरीही तुराजवळच्या सेल्बलग्रेसारख्या गावांनी गिबनसाठी जंगल राखलंय. माझ्या मते, कुळ स्वतः ठरवतं तिथेच ते टिकतं. फक्त त्या घरांना झूमऐवजी दुसरं उत्पन्न हवं, आणि ते दरवर्षी हवं. एखाद्या प्रकल्पाची मुदत संपेपर्यंतचं नको.

मी निघालो त्या वर्षी त्या उघड्या पट्ट्यात वड-उंबराच्या जातीची रोपं लावायचं गावानं ठरवलं होतं. रोपं तेव्हा गुडघ्याएवढी होती. मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होतं. ते पोटाशी धरलेलं पिल्लू मोठं होईपर्यंत तरी फांद्या भिडाव्यात, एवढीच आस लावून मी तिथून आलो.