प्रसाद घ्यायचा की नाही, यावरून मंडळीत वाद

प्रश्न: नमस्कार ताई, मी नाशिकची, शरणपूर रोडजवळ राहते. गणपतीत शेजारच्या काकू मोदक आणून देतात, लहानपणापासून. आमच्या बायबल स्टडी ग्रुपमध्ये काहीजण म्हणतात घेणं पाप आहे, काहीजण म्हणतात काही नाही होत, आणि आता अर्धे लोक एकमेकांशी धड बोलतही नाहीत. काय करू?

उत्तर: अगं, हा वाद ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीतही, म्हणजे तिथल्या चर्चमध्येही होता, मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून. बायबलमध्ये प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे (१ करिंथकरांस) ८ ते १० अध्याय सलग वाचा, घाई न करता. पौल म्हणतो मूर्ती काहीच नाही, म्हणजे खायला हरकत नाही, पण लगेच म्हणतो की माझ्या खाण्याने भाऊ अडखळणार असेल तर मी खाणारच नाही, आणि दुसरीकडे मूर्तिपूजेपासून दूर पळा असंही तोच सांगतो! म्हणून एकच ओळ उचलून भांडू नका. पौलाच्याच रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय पण घ्या, तिथे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये असं स्पष्ट आहे, मला तर तुमच्या ग्रुपचं खरं दुखणं इथेच वाटतं.

असाच वाद यरुशलेमेतही झाला होता: यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची का, हा प्रश्न आला (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५) तेव्हा आधी पुष्कळ वादविवाद झाला, मग येशूचा शिष्य पेत्र बोलला, पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांनी अनुभव सांगितले, सगळे गप्प राहून ऐकत होते. तुम्हीही पाळकांना (पास्टरना) घेऊन बसा, आणि जो नको म्हणतो त्याला आधी बोलू द्या, तो कदाचित ती पूजा सोडून आलेला असेल, त्याची भीती खरी असते.

आणि काकूंशी मात्र प्रेमानेच बोल, काहीही ठरलं तरी.