सातवीनंतर सुटलेली दहावी

प्रश्न : ताई, मी 36 वर्षांची, माण तालुक्यात राहते. सातवी झाली आणि आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जायला लागले, शाळा सुटली. आता बचत गटाचे हिशेब मीच ठेवते. दहावी करायची फार इच्छा आहे. पण शाळेचा दाखला हरवलाय, गणिताची धास्ती वाटते आणि सासूबाई म्हणतात, पोरीनं शिकायचं की तू?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आधी दाखल्याचं बघू, कारण कितीतरी जणी तिथूनच माघारी फिरतात. शाळेच्या जनरल रजिस्टरला तुमचं नाव असणार. मुख्याध्यापकांकडे अर्ज करा, दाखल्याची दुसरी प्रत मागा.

दाखला हातात आला की बाहेरून दहावीला बसण्यासाठीचा 17 नंबरचा फॉर्म भरता येतो. त्याला पाचवी पास पुरते. पण राज्य मंडळाची ती नेहमीचीच परीक्षा, सगळे विषय एकदम. तुमच्यासाठी मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) सुचवेन. तिथं पाच विषय निवडायचे, त्यात एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही, गृहविज्ञान घेता येतं. मराठी माध्यम आहे. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. घर, शेत आणि गट सांभाळणाऱ्या बाईला हे झेपतं.

तरी गणित सोडू नका, असं मला मनापासून वाटतं. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावीला गणित-विज्ञान लागतं. शिवाय शेकडा दोननं महिन्याचं व्याज तुम्ही काढताच की! मी परळच्या रात्रशाळेत गिरणी कामगारांना गणित शिकवायचे. पगाराच्या चिठ्ठीवरून शेकडेवारी त्यांना चटकन कळायची, पुस्तकातल्या उदाहरणाला मात्र ते बिचकायचे. अंगणवाडीच्या भरतीला आता बारावी मागतात, तेव्हा दहावीवर थांबू नका.

अडचण खरी वेळेची आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि आजही कितीतरी गावांत कष्टकऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग नाही, हे मला फार लागतं. गटातल्या आणखी दोघी-तिघी तयार होतात का बघा. मग गावातल्या शिक्षकांना रात्री तासभर शिकवायची विनंती एकत्र करा.

सासूबाईंना सांगा, पोरगीही शिकेल आणि मीही. लेकीची जुनी पुस्तकं टाकू नका, आणि अडलेलं गणित तिलाच विचारा.