विचारा तर खरं! : सगळी स्टेशनं एका दमात

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेलो की जगात असेही लोक आहेत जे मेट्रोची झाडून सगळी स्टेशनं एका दमात पालथी घालतात आणि त्याचं रेकॉर्ड होतं. त्यावर इतकी पत्रं आली की डाएट, शेअर बाजार आणि भाडेकरूंचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, पाच घेतलीत.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही जर्सी सिटीत राहतो. मुलगा सोळाचा आहे, त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी ठरवलंय की न्यूयॉर्क सबवेची (इथली मेट्रो) सगळी ४७२ स्टेशनं एका दिवसात करायची. दोन रविवार नकाशावर स्केचपेनने रेघा मारून सगळ्यात छोटा रस्ता शोधतायत, भिंतभर कागद झालेत. मला यातलं काही कळत नाही पण नुसतं "नको" म्हणायचं जिवावर येतं. रूट नक्की कसा काढतात? – एक आई

ताई, पोरगं वाया गेलेलं नाहीये, आधी निश्चिंत व्हा. पण "सगळ्यात छोटा रस्ता" शोधतायत ना, तिथेच गाडी चुकतेय. किलोमीटर वाचवून फारसं काही हाती लागत नाही. वेळ खातात त्या शेपट्या. शेपटी म्हणजे लाइनचं टोक, जिथून पुढे गाडी जात नाही आणि आलात तसं उलट यावं लागतं, म्हणजे तीच स्टेशनं पुन्हा बघत बसा आणि त्याचा मार्क शून्य. न्यूयॉर्कला अशी दीड-दोन डझन टोकं आहेत. त्यामुळे त्यांना सांगा की आधी मॅनहॅटनच्या मधल्या गुंत्याकडे बघूच नका, टोकांची यादी करा आणि प्रत्येक टोकापुढे लिहा की इथून परत कसं यायचं.

दोन टोकं मात्र फुकटात सुटतात, जिथून सुरू कराल ते आणि जिथे संपवाल ते, कारण तिथे जा-ये नाही, एकदाच जायचं. म्हणून ही दोन टोकं सगळ्यात लांबच्या, वैताग देणाऱ्या शेपट्यांवर खर्च करायची. उदाहरणार्थ ए गाडी (तिकडे गाड्यांना अक्षरं नाहीतर नंबर असतात) जमैका बे ओलांडून ब्रॉड चॅनेलच्या पुढे रॉकअवेला जाते आणि तिथे दोन फाटे फुटतात, एक फार रॉकअवेला, एक रॉकअवे पार्कला. फार रॉकअवेचा फाटा लांब, दुसऱ्यावर चारच स्टेशनं. मग सुरुवात फार रॉकअवेहून करा, ब्रॉड चॅनेलला उतरून छोट्या फाट्यावर जाऊन या आणि मग शहराकडे सुटा. उलटं केलंत तर लांब फाटा दोनदा होतो. एवढंच गणित आहे, पण ते डझनभर ठिकाणी करायचंय.

बाकीच्या शेपट्यांसाठी उडी मारायची. नियमात चालणं, पळणं, सरकारी बस चालते, टॅक्सी, सायकल, बाबांची कार चालत नाही. ब्रॉंक्समध्ये डी गाडीचं शेवटचं स्टेशन नॉरवुड २०५ स्ट्रीट, तिथून ४ नंबरच्या लाइनचं मोशोलू पार्कवे पायी दहा-बारा मिनिटांवर आहे, पोरं पळाली तर सातात. मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला ए गाडीचं इनवुड २०७ आणि १ नंबरचं २०७ स्ट्रीट, तेही असंच चालत. क्वीन्समध्ये लेफर्ट्स बुलेव्हार्डच्या टोकाला क्यू १० बस मिळते, ती क्यू गार्डन्सला ई आणि एफ गाड्यांपाशी सोडते. सबवेचा नकाशा अशा उड्या दाखवत नाही हो, त्यात अंतरं खोटी असतात, शेजारी दिसतं ते लांब असतं आणि लांब दिसतं ते गल्लीपलीकडे. शेजारी साधा रस्त्यांचा नकाशा उघडून बसायला लावा.

आता फास्ट-स्लो. हे आपल्याला शिकवायला नको. तिकडे एक्स्प्रेस आणि लोकल म्हणतात. स्टेशन मोजायचं तर गाडी तिथे थांबली पाहिजे, एक्स्प्रेसने सुसाट पुढे गेलात तर ते धरत नाहीत (नुसतं स्टेशनातून गेलं तरी चालेल असा एक सोपा प्रकारही आहे, पण तो रेकॉर्डवाला नव्हे). उतरायची गरज नाही, दार उघडलं की झालं. आणि गंमत बघा, सबवे चोवीस तास चालते पण रात्री तिचा स्वभाव बदलतो. दिवसा फास्ट असणारी ए गाडी रात्री सगळीकडे थांबत जाते, सी आणि बी तर धावतच नाहीत. म्हणजे जे काम दिवसा दोन गाड्यांनी होतं ते रात्री एका गाडीत होतं. फक्त रात्री गाडी साधारण वीस मिनिटांनी असते, एक चुकली की वीस मिनिटं गेली. त्यामुळे रात्री लांब सरळ लाइनी घ्यायच्या, गाड्या बदलायचं काम दिवसा.

टाइम्स स्क्वेअरसारख्या ठिकाणी एकदा थांबलं की काम झालं असंही समजू नका. त्या ४७२ च्या मोजणीत एकाच छपराखालची वेगवेगळ्या लाइनींची स्टेशनं वेगळी धरलीत, सगळी जोडलेली एक धरली तर आकडा सव्वाचारशेच्या आसपास येतो. स्टेटन आयलंडची रेल्वे यात नाही, देवाची कृपा.

आणि सगळ्यात शेवटी डबा. मी पंचवीस वर्षं डोंबिवली-व्हीटी केलंय, पुलासमोरचा डबा कुठला हे झोपेत सांगीन. तिकडेही तेच. उतरल्यावर जिना समोर आला पाहिजे, नाहीतर सहाशे फुटांचा प्लॅटफॉर्म पळत बसा आणि समोरची गाडी दार लावून निघून जाते. प्रत्येक बदलीच्या पुढे "पुढचा डबा, मधला, मागचा" लिहून ठेवायचं. यासाठी एक-दोन शनिवार नुसते बघायला जायला हवं, पण खरी फेरी मात्र वीकेंडला नको, शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाड्या भलतीकडून नेतात.

हे सगळं जमून आलं तर किती लागतात? २०१६ साली, तेव्हा स्टेशनं ४६९ होती, साडेएकवीस तासांच्या आत झालंय. म्हणजे रात्र आलीच, आणि सोळाच्या पोरांना रात्री दोन वाजता ब्रॉंक्समध्ये एकटं सोडा असं मी म्हणणार नाही, बरोबर कोणीतरी मोठं माणूस हवंच. त्याआधी त्यांना तुमच्या घराजवळच्या पाथवर (न्यू जर्सी ते मॅनहॅटन जाणारी छोटी मेट्रो) रंगीत तालीम करायला लावा. १३ च स्टेशनं. न्यूअर्कहून बसायचं, हॅरिसन, जर्नल स्क्वेअर, ग्रोव्ह, एक्स्चेंज प्लेस करत वर्ल्ड ट्रेड सेंटर. तिथून होबोकेनची गाडी, ती न्यूपोर्टवरून जाते. होबोकेनहून ३३ स्ट्रीटची गाडी, संपलं. फक्त एक्स्चेंज प्लेस दोनदा येतं, बाकी एकही स्टेशन वाया नाही. सोमवार ते शुक्रवार दिवसा करा, कारण वर्ल्ड ट्रेड ते होबोकेन गाडी तेव्हा नक्की मिळते. यात जर पोरांनी गाडी चुकवली तर ४७२ चा विचार पुढच्या वर्षी.

प्रश्न : सर, मी आयटीत आहे. एवढी उठाठेव कशाला, सगळ्या स्टेशनांचा डेटा टाकला तर कॉम्प्युटर पाच मिनिटात रूट देईल की. – डोंबिवली

आलात का गाववाले! हे तुमच्या आधी साठ वर्षांपूर्वी सुचलंय. अमेरिकेतल्या एमआयटीत पीटर सॅमसन नावाचा हॅकर होता, हॅकर हा शब्द चांगल्या अर्थाने वापरायचे त्या काळातला, त्याने मित्रांबरोबर १९६६ मध्ये सबवे फिरण्यासाठी चक्क एक कमिटी काढली, नियम लिहिले आणि पुढच्या वर्षी पीडीपी-६ या कपाटाएवढ्या मशीनला कामाला लावलं. फेरीला तरी जवळपास २६ तास लागलेच.

अडचण कुठे आहे सांगतो. सगळे रूळ एकदा तरी तुडवायचे असते तर तो पोस्टमनचा प्रश्न झाला असता, गल्लीन् गल्ली फिरून कमीत कमी उलटं कसं चालायचं, १९६० मध्ये एका चिनी गणितज्ञाने मांडला म्हणून त्याला चायनीज पोस्टमन प्रॉब्लेम म्हणतात, आणि तो कॉम्प्युटर आरामात सोडवतो. पण इथे रूळ नाही, स्टेशनं करायची आहेत, मधला तुकडा बसने गेलात तरी चालतं. म्हणजे गाडी वळली फिरत्या सेल्समनच्या प्रश्नाकडे, सगळी गावं करायची तर कुठल्या क्रमाने गेलं की कमीत कमी फिरावं लागेल, आणि तो आडदांड आहे. त्यात भर म्हणजे दोन स्टेशनांमधलं अंतर इथे मिनिटांत मोजायचं आणि ती मिनिटं तुम्ही किती वाजता पोचता त्यावर बदलतात. १०:०४ ला पोचलात तर तीन मिनिटं, १०:०८ ला पोचलात तर तेवीस. टाइमटेबल टाकून चांगला रूट नक्की निघतो, मी नाही म्हणत नाही, पण कागदावर जो सगळ्यात फास्ट असतो तो बहुतेक वेळा एकेका मिनिटाच्या बदलीवर लटकलेला असतो, पहिली गाडी दोन मिनिटं लेट झाली की पुढची सगळी माळ तुटते. म्हणून कोडमध्ये एक अट घाला, प्रत्येक बदलीला चार मिनिटं तरी मोकळी हवीत, आणि दर तीन-चार तासांनी "इथे चुकलो तर पुढे काय" याचा दुसरा रूट तयार हवा. तुमचं ८:१२ चुकली की ८:१९ आणि तीही गेली तर ठाकुर्लीला उलटं जाऊन बसायचं, हे डोक्यात तयार असतंच ना, तेच.

प्रश्न : आपल्या पुण्यात नातींना घेऊन करता येईल का? स्वारगेटला घर आहे, तिथूनच सुरू करू म्हणते. – आजी, पुणे

करा की आजी, पण स्वारगेटहून नको! पुणे मेट्रो म्हणजे सध्या सरळ अधिकचं चिन्ह आहे, दोन लाइनी, सिव्हिल कोर्टला छेदतात, चार टोकं. दोन टोकं फुकट, दोन टोकांना जा-ये. स्वारगेटची बाजू सगळ्यात आखूड आहे, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट, तिथे जाऊन परत येणं परवडतं. स्वारगेटहून निघालात तर ही स्वस्तातली शेपटी फुकटच्या खात्यात जाते आणि लांबची कुठलीतरी दोनदा करावी लागते. म्हणून आधी पीसीएमसीला जा, तिथून घड्याळ लावा, थेट स्वारगेट, परत सिव्हिल कोर्ट, मग रामवाडी, आणि रामवाडीहून एका बैठकीत वनाज. पूर्ण फेरीत गाडीची खरी अदलाबदल एकच, सिव्हिल कोर्टची. ती मात्र दमवते, खालची लाइन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे आणि वरची खांबांवर, सरकते जिने संपता संपत नाहीत, गुडघे दुखत असतील तर लिफ्ट घ्या. मी पुतण्याबरोबर केलं तेव्हा दोनेक तास लागले, त्यातली दहा मिनिटं मी जिन्यावर चुकीच्या बाजूला गेलो म्हणून, पुतण्या अजून चिडवतो. इथे बसची उडी मारून काही वाचत नाही, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तर नाहीच.

प्रश्न : भारतात कोणी रेकॉर्ड केलंय का? – नाशिक

हो, दिल्लीत, २०२१ मध्ये. दोन आकडे वाचायला मिळतात आणि लोक भांडतात. एक २५४ स्टेशनं, १६ तास २ मिनिटं, आणि हे करणारा दिल्ली मेट्रोचाच कर्मचारी होता. दुसरा २८६ स्टेशनं, १५ तास २२ मिनिटं. जास्त स्टेशनं आणि वेळ कमी, म्हणजे रूट किती महत्त्वाचा बघा. २५४ ही त्या वेळी नुसत्या दिल्ली मेट्रोची, नोएडाच्या अ‍ॅक्वा लाइनची २१ आणि गुरुग्रामच्या रॅपिड मेट्रोची ११ मिळवली की २८६. अ‍ॅक्वा लाइनला जायला ब्लू लाइनच्या सेक्टर ५२ ला उतरून सेक्टर ५१ पर्यंत चालावं लागतं, तेवढी पायपीट धरून ठेवा. आणि दिल्ली मेट्रो रात्री बंद असते, म्हणजे पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीच्या आत सगळं बसवायचं.

प्रश्न : बाथरूमचं काय करतात हो हे लोक? – नाव छापू नये

नाव नाही छापत. न्यूयॉर्कला मोजक्याच स्टेशनांवर सोय आहे आणि रात्री तीही बंद, त्यामुळे जिथे चालू आहे ती स्टेशनं रूटमध्ये दुपारच्या आत लाल पेनाने मांडून ठेवतात आणि त्या बदलीला मुद्दाम सात-आठ मिनिटं जास्त धरतात. चहा-कॉफी आदल्या संध्याकाळपासून बंद, पाणी घोट घोट, खायला चिक्की, केळं, कोरडी पोळी असलं काहीतरी. वरच्या ताईंनी मुलाला एक डबा तिखटमिठाच्या पुऱ्या द्याव्यात, लोणचं देऊ नये.