धाग्यावरचे नवे प्रतिसाद दिसत नाहीत आणि ‘मागे’ गेल्यावर यादी जुनीच राहते: ब्राउझरच्या कॅशेत नेमके काय बदलावे?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत. चर्चास्थळावरच्या धाग्यावर नवे प्रतिसाद आल्याचे इतरांना दिसते, पण तुमच्यासमोर कालचेच पान येते. धागा वाचून ‘मागे’चे बटण दाबले की तोच धागा यादीत पुन्हा ‘नवीन’ म्हणून ठळक दिसतो. आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून कॅशे, म्हणजे पाहिलेल्या पानांच्या प्रती ठेवण्याचा ब्राउझरचा साठा, पूर्ण बंद केली, तर मोबाइलच्या नेटवर प्रत्येक पान रखडू लागले. तिन्हींचे मूळ एकच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पहिल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणी उद्भवतात आणि तिसरी तर तुम्ही केलेल्या उपायातूनच निर्माण झाली आहे. तेव्हा बंद केलेली कॅशे आधी पुन्हा चालू करा.

कॅशे बंद केल्यावर पाने का रखडतात ते पाहू. चर्चेच्या पानात दोन अगदी वेगळ्या प्रकृतीच्या गोष्टी असतात. प्रतिसादांचा मजकूर दर मिनिटाला बदलू शकतो, पण तो फार थोड्या जागेत मावतो. पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइली, जावास्क्रिप्ट, सभासदांची छोटी चित्रे आणि फॉन्ट हे सारे महिनोन्महिने बदलत नाही, आणि पानाचे बहुतेक वजन मात्र त्यांचेच असते. देवनागरी फॉन्टची फाइल साध्या रोमन फॉन्टपेक्षा चांगलीच मोठी असते, कारण तिच्यात जोडाक्षरांसाठी शेकडो जादा आकार भरावे लागतात. कॅशे बंद असली की ही फाइल पानागणिक नव्याने उतरते. अक्षरे आधी एका वळणात उमटून क्षणभराने दुसऱ्या वळणात बदलताना दिसत असतील, तर त्याचे कारण बहुधा हेच आहे. म्हणून आपल्याला हवे आहे ते एवढेच, की मजकूर दर वेळी ताजा यावा आणि बाकीचे सामान साठ्यातून निघावे.

यासाठी ‘साठवू नकोस’ आणि ‘साठव, पण वापरण्यापूर्वी विचार’ या दोन सूचनांमधला फरक ध्यानात घ्यायला हवा. सर्व्हर प्रत्येक पानासोबत ‘कॅशे-कंट्रोल’ नावाची ओळ पाठवतो. तिच्यात ‘नो-स्टोअर’ असेल तर ब्राउझरने पान ठेवायचेच नसते. ‘नो-कॅशे’ असेल तर, नावावरून उलटा समज होत असला तरी, पान ठेवायला पूर्ण मुभा असते. फक्त ते पुन्हा दाखवण्यापूर्वी सर्व्हरकडे विचारणा करणे बंधनकारक असते. सर्व्हरने मूळ पानासोबत ‘ई-टॅग’ नावाची खूण दिलेली असते. ब्राउझर ती परत पाठवून काही बदलले आहे का एवढेच विचारतो. बदलले नसेल तर सर्व्हर ३०४ या क्रमांकाचे त्रोटक उत्तर देतो आणि ब्राउझर साठ्यातले पान काढून दाखवतो. वाण्याला फोन करून भाव तोच आहे का एवढे विचारावे आणि जिन्नस घरातलाच वापरावा, तसा हा व्यवहार आहे. बदलत्या पानांना हीच पद्धत योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हरने यांपैकी काहीच सांगितले नाही तर मात्र ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो, आणि तुमच्या पहिल्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथे सापडते. पान शेवटचे कधी बदलले ती तारीख उपलब्ध असेल, तर तेव्हापासून लोटलेल्या काळाच्या एक दशांश इतका वेळ पान ताजे मानावे, असा प्रघात आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९१११ या कॅशेविषयीच्या जागतिक मानकातही दहा टक्क्यांचा उल्लेख आहे. आता समजा, एखादा धागा वीस दिवस थंड पडला होता आणि तुम्ही तो आज उघडला. ब्राउझर या हिशेबाने ते पान पुढचे दोन दिवस ताजे धरू शकतो. संध्याकाळी कोणी प्रतिसाद देऊन धागा वर काढला, यादीत तो सर्वांत वर झळकला, तरी दुव्यावर टिचकी मारल्यावर तुमच्यासमोर सकाळचेच पान येते. रोज गजबजलेल्या धाग्यांवर हा त्रास जाणवत नाही आणि जुने धागे पुन्हा जिवंत झाले की नेमका तिथेच होतो, त्यामागे हे साधे गणित आहे.

चांगली चर्चास्थळे हे टाळण्यासाठी मुदत आधीच संपल्याचे कळवतात. मराठीतली काही जुनी चर्चास्थळे ज्या ड्रुपल या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीवर उभी राहिली, ते ड्रुपल पानाची मुदत १९ नोव्हेंबर १९७८ रोजी संपल्याचे सांगते; ती ड्रुपलचे जनक द्रीस बाउतार्त यांची जन्मतारीख आहे. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत वाचकाचे सत्र सुरू केले की आपोआप जाणारी तारीखही १९ नोव्हेंबरचीच, फक्त साल १९८१. तुमच्या स्थळाच्या उत्तरात अशी विचित्र तारीख दिसली, तर तो बिघाड नसून जाणूनबुजून केलेली सोय आहे, हे ओळखावे.

दोष कुठे आहे ते ठरवण्यासाठी आधी एक साधी चाचणी करा. धागा वाचून झाल्यावर ‘मागे’ न जाता पानाच्या माथ्यावरच्या दुव्यावरून यादीकडे जा. तेवढ्याने यादी ताजी आली, तर दोष कॅशेच्या मुदतीचा नसून ‘मागे’च्या बटणाचा आहे. दुव्यावरून जाऊनही जुनेच दिसले आणि एफ५, म्हणजे पान पुन्हा मागवण्याची कळ, दाबल्यावर ताजे आले, तर वर सांगितलेला अंदाज किंवा सर्व्हरने दिलेली लांब मुदत कारणीभूत आहे. एफ५ आणि कंट्रोल-शिफ्ट-आर या दोन्हींनीही फरक पडला नाही, पण लॉग-इन केल्याबरोबर नवे प्रतिसाद दिसू लागले, तर जुनी प्रत तुमच्या संगणकावर नाहीच. पाहुण्या वाचकांसाठी स्थळाने किंवा त्याच्या पुढ्यातल्या वितरण-सेवेने (स्थळाच्या पानांच्या प्रती ठेवून त्या वाचकांना पुरवणाऱ्या मधल्या सर्व्हरांनी) तयार ठेवलेले पान तुम्हाला मिळते आहे. तिथे ब्राउझरची कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही, आणि लॉग-इन करून वाचणे हाच सोपा मार्ग उरतो.

खात्रीच करायची असेल तर संगणकावर एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ हा टॅब उघडा. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्या टॅबमधील ‘डिसेबल कॅशे’ची चौकट रिकामी असली पाहिजे, आणि पान एफ५ने नव्हे तर दुव्यावरून उघडले पाहिजे, कारण एफ५ दाबणे हाच ब्राउझरला ‘विचारून ये’ असा आदेश असतो आणि मग नेहमीचे वर्तन दिसत नाही. तक्त्यातली पहिली ओळ मुख्य पानाची असते. क्रोममध्ये तिच्या आकाराच्या रकान्यात ‘डिस्क कॅशे’ असे लिहिलेले असेल, तर ब्राउझरने सर्व्हरला काही विचारलेच नाही. ३०४ असेल, तर विचारले आणि बदल नसल्याचे उत्तर मिळाले. २०० सोबत आकडा असेल, तर पान नव्याने आले. त्या ओळीवर टिचकी मारल्यावर दिसणाऱ्या शीर्षकांत (सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या ‘कॅशे-कंट्रोल’सारख्या ओळींत) ‘एज’ नावाची ओळ आढळली, तर वाटेत कुठल्या तरी मधल्या साठ्याने हात घातला आहे, आणि तिच्यापुढचा आकडा ती प्रत किती सेकंद जुनी आहे ते सांगतो.

आता ‘मागे’च्या बटणाविषयी सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथे आहेत. आजचे ब्राउझर तुम्ही सोडलेले पान मोडून टाकत नाहीत. ते जसेच्या तसे, सरकपट्टीच्या जागेसह आणि अर्धवट लिहिलेल्या मजकुरासह, मेमरीत गोठवून ठेवतात आणि ‘मागे’ दाबताच पुन्हा समोर आणतात. फायरफॉक्समध्ये ही सोय २००५ सालच्या १.५ या आवृत्तीपासून आहे. क्रोमने ती अँड्रॉइडवर ८६ व्या आणि संगणकावर ९६ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२० आणि २०२१ साली आणली. तुम्ही धागा उघडलात तेव्हा सर्व्हरने तो ‘वाचलेला’ म्हणून नोंदवला, पण समोर आलेली यादी त्या नोंदीच्या आधीची आहे. ती खोटी नाही, फक्त मघाची आहे.

फायरफॉक्समध्ये ही सोय बंद करता येते. ‘मॅक्स टोटल व्ह्यूअर्स’ या नावाने संपणाऱ्या सेटिंगचे मूल्य शून्य केले की झाले. असा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, पण तो पाळू नये असे मी सुचवीन. मेमरीतले गोठवलेले पान नसले तरी ‘मागे’ जाताना ब्राउझर डिस्कवरची प्रत मुदतीचा विचार न करता वापरतो, कारण इतिहासात मागे जाणे म्हणजे पूर्वी पाहिलेले पुन्हा पाहणे, अशीच त्याची धारणा आहे आणि मानकालाही ते मान्य आहे. परिणामी यादी बहुधा जुनीच राहते, वर पान नव्याने मांडण्याचा वेळ जातो, आणि चुकून मागे-पुढे झाल्यास लिहीत असलेला प्रतिसाद हरवण्याची शक्यता वाढते. दीर्घ प्रतिसाद थेट चौकटीत टंकणाऱ्यांनी तर या सेटिंगच्या वाटेलाही जाऊ नये.

त्यापेक्षा सवय बदलणे कितीतरी सोपे आहे. यादीचे पान एका टॅबमध्ये कायम उघडे ठेवावे आणि धागे कंट्रोल दाबून टिचकी मारत, किंवा माउसच्या मधल्या बटणाने, नव्या टॅबमध्ये उघडावेत. मोबाइलवर दुव्यावर बोट दाबून धरले की तोच पर्याय येतो. धागा वाचून झाला की त्याचा टॅब मिटावा आणि यादीवर परतल्यावर एकदा एफ५ दाबावे. क्रोमने ५४ व्या आवृत्तीपासून रीलोडची रीत बदलली असून आता तो मुख्य पानाचीच विचारणा करतो आणि चित्रे व इतर फाइली मुदतीत असल्यास साठ्यातून घेतो, त्यामुळे मंद नेटवरही एफ५ महाग पडत नाही. कंट्रोल-शिफ्ट-आर मात्र सगळेच नव्याने ओढते. ते मांडणी विस्कटलेली दिसल्यासच वापरावे.

दुव्यावरून जाऊनही जुनी पाने येत असतील, तर फायरफॉक्समध्ये खरा इलाज आहे. पत्त्याच्या जागी ‘अबाउट:कॉन्फिग’ असे रोमन लिपीत लिहून उघडणाऱ्या पानावर ‘चेक डॉक फ्रीक्वेन्सी’ हे शब्द, मध्ये अंडरस्कोअर घालून, शोधा. मूळ मूल्य ३ असते, म्हणजे मुदत पाहून ठरवणे. १ केल्यास ब्राउझर प्रत्येक वेळी विचारणा करतो, ० केल्यास ब्राउझर चालू केल्यापासून एकदाच करतो आणि २ केल्यास कधीच करत नाही. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ‘साठवलेल्या पानांची नवी आवृत्ती कधी तपासावी’ या प्रश्नाखाली असेच चार पर्याय होते, आणि जालावर आजही फिरणारा ‘प्रत्येक भेटीत तपासा हे निवडा’ हा सल्ला त्या काळचा आहे. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. मूल्य १ केल्याचा तोटा असा, की पानासोबतच्या चित्रांचीही विचारणा वाढते, आणि पन्नास सभासदांची चित्रे असलेल्या धाग्यावर ती मंद नेटवर जाणवते. म्हणून ‘अबाउट:प्रोफाइल्स’ या पानावरून चर्चास्थळासाठी वेगळे प्रोफाइल तयार करावे आणि हा बदल केवळ त्यातच करावा, म्हणजे बँकेपासून बातम्यांपर्यंतची बाकीची पाने नेहमीच्या वेगाने चालतील. मी स्वतः मुख्य प्रोफाइलमध्ये ३ हेच मूल्य ठेवतो.

क्रोममध्ये अशी सेटिंग नाही. ‘डिसेबल कॅशे’ची चौकट फक्त एफ१२ची खिडकी उघडी असेपर्यंतच लागू होते आणि रोजच्या वाचनासाठी ती नाहीच. एकदाच साठा साफ करायचा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून केवळ कॅशे केलेल्या इमेज आणि फाइल हा पर्याय निवडावा. कुकीजवर खूण राहिली तर सगळीकडून लॉग-आउट व्हाल. साठा साफ केल्याने आजची अडचण सुटते, परंतु सर्व्हरने मुदत चुकीची दिलेली असेल तर दोन दिवसांनी तीच परिस्थिती पुन्हा येते.

तुमचे चर्चास्थळ डिस्कोर्ससारख्या नव्या पद्धतीचे असेल, तर वरचे पुष्कळसे लागू पडत नाही. तिथे यादी आणि प्रतिसाद जावास्क्रिप्ट मागवते आणि पान उघडे असतानाच नवे प्रतिसाद येत राहतात; ते थांबले, तर कॅशेऐवजी तुटलेले नेट किंवा जाहिराती रोखणारे एक्स्टेंशन आधी तपासावे.

जुन्या पद्धतीचे स्थळ असेल आणि एफ१२च्या तक्त्यात मुख्य पानापुढे वारंवार ‘डिस्क कॅशे’ दिसत असेल, तर त्या ओळीचे चित्र आणि ‘कॅशे-कंट्रोल’ची ओळ व्यवस्थापकांना पाठवा. लॉग-इन केलेल्यांच्या पानांना ‘प्रायव्हेट’ (म्हणजे मधल्या साठ्यांनी प्रत ठेवू नये) व ‘नो-कॅशे’ आणि चित्रे, फॉन्ट व मांडणीच्या फाइलींना लांब मुदत, एवढी दुरुस्ती त्यांनी केली की वाचकांपैकी कोणालाच आपल्या ब्राउझरला हात लावावा लागत नाही.